एक पेलासुद्धा नाही

मातिया गोरेन्त्स आमच्या टेकडीवर जन्मला आणि आमच्याच टेकडीवर म्हातारा होतोय. त्याचा द्राक्षमळा माझ्या मळ्याला लागून आहे. मधली पायवाट कुणाची यावरून तो आणि माझा नवरा दर वसंतात कडाकडा भांडायचे आणि भांडण मिटवायला मातियाच्याच कोठीत पीत बसायचे. भांडण मिटायला रात्र पुरायची नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा. माझा नवरा जाऊन आता बरीच वर्षं झाली. पायवाटेवरून कुणी भांडत नाही, आणि खरं सांगते, मला करमत नाही.

इथे प्रत्येक मळ्यात एक कोठी असते. खाली पिंपं, वर एक खोली, खोलीत टेबल आणि बाक. दारावरून जाणाऱ्याला मालकाने हाक मारली नाही तर मालक चिक्कू, आणि हाक मारूनही माणूस आत आला नाही तर त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे. मातियाची हाक चर्चपर्यंत ऐकू यायची. हा माणूस डावखुरा, हट्टी, अंगाने अस्वल. त्याच्यासारखी वेल छाटणारा आमच्याकडे दुसरा नाही. फेब्रुवारीच्या थंडीतही उघड्या हाताने छाटायचा आणि वेलींशी बोलायचा. बायकोशी कमी बोलायचा, पण ते जाऊ दे.

गोचिडांचं आम्हाला नवल नाही. गवत कापून आलं की अंग चाचपायचं, सापडेल ती गोचीड चिमट्याने ओढायची आणि जेवायला बसायचं. मातियाला तर प्रत्येक गोचिडीचं कौतुक. "पी गं बाई, पी, माझ्या अंगात रक्त कमी आणि त्स्विचेकच जास्त," म्हणायचा. त्स्विचेक म्हणजे आमची वाईन. फिकट लाल, आंबटसर, हलकी.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत एका सकाळी त्याच्या तोंडाची डावी बाजू खाली लोंबली. कॉफी हनुवटीवरून ओघळली. त्याची बायको झोफ्का हादरली. डाव्या हाताची बोटंही महिनाभर बधिर होती, पण ते त्याने कुणाला सांगितलंच नव्हतं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाई समुद्राकडच्या, तरुण. त्यांनी रक्त तपासलं, पाठीतलं पाणी तपासायला पाठवलं आणि सांगितलं, गोचिडीच्या चाव्याने होणारा लाइम आजार आहे, नसांपर्यंत पोचलाय. गोळ्या दिल्या. देताना विचारलं, "दारू पिता?"

"नाही," मातिया म्हणाला. शेजारी बसलेल्या झोफ्काने मान हलवून दुजोरा दिला.

दोघंही खोटं बोलत नव्हते. आमच्याकडे दारू म्हणजे आलुबुखाराची गाळलेली, जी मातिया दात दुखला तरच घेतो. त्स्विचेक जेवणासोबत असतो, कामासोबत असतो, तहान लागली की सोडा घालून असतो. माझ्या सासूला शेवटच्या दुखण्यात आम्ही तो चमच्याने भरवला. त्याला दारू कोण म्हणेल?

गोळ्या संपल्या तरी तोंड जेमतेम सुधारलं आणि बोटं होती तशीच राहिली. पुन्हा दाखवायला जायचं, तर रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मातियाने पाच लिटरचा कॅन नेला.

"घ्या डॉक्टरबाई, घरचा आहे. मी रोज दीड लिटर घेतो, पोटाची कसली तक्रार नाही."

"तुम्ही पीत नाही म्हणाला होतात ना?"

"पीत नाहीच की. हा त्स्विचेक आहे."

झोफ्काने हे मला सांगितलं तेव्हा ती हसतही होती आणि रडतही होती. डॉक्टरबाईंनी म्हणे कॅन टेबलाच्या कडेला सरकवला. मग त्यांनी समजावलं. रोज पिणाऱ्याच्या शरीरातून हे औषध लवकर निघून जातं. शिवाय या आजाराने ज्या नसा कुरतडल्या, त्याच नसा दारूही कुरतडते. आता शिरेतून औषध देऊ, आणि एक थेंबही चालणार नाही. औषध संपल्यावरही नाही, नसा सावरेपर्यंत नाही. वर्ष जाईल, जास्तही जाईल. बोटं परत येतील अशी हमी नाही, पण पीत राहिलात तर आशा सोडा.

मातियाने एवढंच विचारलं, "छाटणीची कात्री धरता येईल का?"

कारण सगळं त्यावर होतं. मुलगा परदेशात, ग्राझला, त्याला मळ्यात रस नाही. 'विका आता' हे त्याचं पालुपद. मातियाचा हात गेला की मळा गेलाच. आणि मळा गेला तर हा माणूस घरात बसून काय करेल, हा विचार माझ्याच्याने करवत नव्हता.

त्याने सोडली. मला वाटलं होतं, आठवडा टिकेल. रोज संध्याकाळी तो घामाने भिजून, शिव्या देत मळ्यात फेऱ्या मारायचा, आणि झोफ्का त्याच्यामागे चहाचा थर्मास घेऊन. एकदाच घसरला. भाचीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला अर्धा पेला घेतला, तर पुढचे दोन दिवस बोटांत निखारे ठेवल्यागत जळत होतं. त्यानंतर नाही. हाक मारून लोकांना कोठीत बोलवायचा, पेले भरायचा, स्वतः पाणी प्यायचा.

लोकांना ते झेपलं नाही. शेजारच्या मळ्याचा लोयझे, मातियाचा लहानपणचा दोस्त, सगळ्यांत जास्त दुखावला. पुढच्या वर्षी सप्टेंबरात त्याच्या मळ्याची तोडणी होती. आमच्याकडे तोडणीला मजूर लावत नाहीत. आज आम्ही तुझ्याकडे, उद्या तू आमच्याकडे. मातिया एका हाताने दिवसभर राबला. संध्याकाळी लोयझेने त्याच्यापुढे भरलेला पेला ठेवला.

"घे."

"नको रे. माहीत आहे ना तुला."

"आजारी होतास तेव्हा ठीक होतं. आता तोंड सरळ झालं तुझं. का माझी वाईन तोंडाला लावण्याजोगी नाही?"

"तुझी वाईन चांगली आहे, लोयझे."

"मग बाळाची दुधाची बाटली आणून देऊ का, रबरी बोंडलं लावून?"

सगळे खो खो हसले. मातियाही हसला, पण पेल्याला हात लावला नाही. पेला रात्रभर तसाच भरलेला राहिला आणि लोयझे त्याच्याकडे बघत राहिला. निघताना म्हणाला, "जो माझ्या घरी पीत नाही, त्याच्या घरी मी कशाला येऊ?"

हे बोलणं टेकडीभर पसरलं. झोफ्काची झोप उडाली. तोडणीला माणसं आली नाहीत तर द्राक्षं वेलीवर सडणार, आणि म्हातारा-म्हातारीने एवढा मळा तोडायचा कसा?

त्यांच्या तोडणीचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवसापासून पाऊस सांगितला होता. मी गेले. चार-पाच बायका आल्या, त्यांत लोयझेची बायको मिलेनाही होती. पुरुष एकही नाही. द्राक्षांनी भरलेली टोपली पाठीवर घेऊन वर कोठीपर्यंत चढ चढायला पुरुष लागतात. आम्ही तोडत होतो आणि बादल्या ओळींच्या टोकाला साचत होत्या. मातिया एकटा टोपली घेऊन वर-खाली करत होता. मी मनात सगळ्या पुरुषांचा उद्धार करत होते.

ऊन चढल्यावर ते आले. लोयझे पुढे, बाकीचे मागे, खालच्या कुंपणाशी उभे. आत कुणी येईना.

"मातिया," लोयझे ओरडला, "आम्ही संध्याकाळपर्यंत सगळं वर नेऊन देतो. पण शेवटी आमच्याबरोबर एक पेला घ्यायचा. एकच. तसा शब्द दे."

झोफ्का माझ्या शेजारीच होती. तिने कात्री खाली ठेवली. "अहो, एकच म्हणतायत," ती हळूच म्हणाली. "एका पेल्याने काय होतंय?" मलाही तेच वाटलं, लपवत नाही. समोर वर्षभराची द्राक्षं लटकत होती, आणि एका पेल्याचा प्रश्न होता.

मातियाने पाठीवरची टोपली उतरवली. डावा हात उजव्या हाताने चोळला. तो काही घाईत नव्हता.

"नाही," तो म्हणाला.

"एक पेला, माणसा!"

"लोयझे, तू मला चड्डीत असल्यापासून ओळखतोस. मी आयुष्यात एक पेला कधी घेतलाय का?"

लोयझेने टोपी मागे सरकवली.

"तू घेतलायस? यांच्यातल्या कुणी घेतलाय?" त्याने कुंपणाशी उभ्या असलेल्यांवरून नजर फिरवली. "मला एक पेला पिता येत नाही. एकाचे किती होतात ते मला माहीत आहे. द्राक्षं सडली तर सडू देत. पुढच्या वर्षी पुन्हा लागतील. बोटं पुन्हा लागणार नाहीत. यायचं तर या, नाहीतर घरी जा. मला काम आहे."

टोपली पाठीवर चढवून तो वर चालू लागला. त्या क्षणी मला त्याचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि मी उगाच नाक शिंकरलं.

मिलेना ओळीतून बाहेर आली. नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि रिकामी टोपली त्याच्या हातात कोंबली. "बत्तीस वर्षं संसार करतेय तुझ्याशी," ती म्हणाली, "एक पेला मीही कधी पाहिला नाही. चल, आटप."

लोयझेचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण त्याने टोपली खांद्यावर घेतली. मग बाकीचेही आत आले.

अंधार पडायच्या आत सगळी द्राक्षं वर पोचली. कोठीत सॉसेज होते, आंबवलेली कोबी होती, झोफ्काची पोतित्सा, म्हणजे अक्रोड भरून गुंडाळलेला गोड पाव, होती. मातियाने सगळ्यांचे पेले भरले. डाव्या हाताने भरत होता, थोडं टेबलावर सांडत होतं, आणि कुणी त्यावर चेष्टा केली नाही. मग तो आपला पाण्याचा जग शोधू लागला.

आमच्या टेबलावर स्वतःचा पेला कुणी स्वतः भरत नाही, तो शेजाऱ्याने भरायचा. दारू सोडल्यापासून मातियाचा पेला मातियाच भरत होता, कारण पाणी भरून द्यायचा मान कुणाला नको होता. लोयझे बाकावरून उठला, जग घेतला आणि त्याच्या पेल्यात काठोकाठ पाणी ओतलं.

"पी," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात माझ्याकडे पिंपं धुवायची आहेत. ये."