वाचता येऊ नये असा कागद

मंडळी, आज मुळशीत प्लॉट विकणाऱ्या एका शेठकडे माहितीपत्रकासाठी कागदाचे नमुने दाखवायला गेलो होतो. गुळगुळीत आर्ट पेपर त्यांनी बाजूला सारला. खरखरीत, जाडजूड कागद गालावर घासून म्हणाले, "ह्यो लई भारी हाय!"

मी सावध केलं. "शेठ, यावर शाई पसरते. शेवटच्या पानावरची 'रस्ता-पाण्याची हमी नाही' ही बारीक ओळ वाचताच येणार नाही."

शेठ खुलले. "व्हय? मंग ह्योच घ्या की! अन् अक्षर अजून बारीक करा."

नमुने पिशवीत भरले, काम सोडून आलो. उद्या दुसरा डिझायनर आनंदाने करील. आमच्या धंद्यात लाळघोट्यांची टंचाई नाही.

तुम्ही प्लॉट घेताना शेवटचं पान वाचलं होतं, की नुसता कागद कुरवाळला होता?