चाळीस हजारांची ओळ

कवळीताईंचं खरं नाव फक्त मला माहीत होतं, कारण पगारपत्रक मी करायचे. बाकी सगळे त्यांना कवळीताईच म्हणत. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि आमच्याकडून कवळ्या जायच्या, असा आमचा कारखाना. त्यात त्या एकोणीस वर्षं खिडकीजवळच्या टेबलावर बसत होत्या. गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, वरची-खालची मिटून बघायची, कुठे केसभर उंच लागला तर घासायचा. नखांत कायम पांढरं प्लास्टर. बोलणं अगदी कामापुरतं. कुणाशी वाकडं नाही, कुणावर दात नाही, असं आम्ही गमतीनं म्हणायचो.

त्यांचा पगार जोडखात्यात जमा व्हायचा आणि खात्याचं कार्ड नवऱ्याच्या खिशात असायचं. नवरा प्लायवूडच्या कारखान्यात मुकादम. दर एक तारखेला तो बसभाडं आणि वर चहापुरते पैसे मोजून ताईंच्या हातावर ठेवी. घरखर्चाचे वेगळे देई, पण त्यातल्या प्रत्येक गोष्टीची पावती मागे. भाजीवाला पावती कुठून देणार? मग "तुझ्या हाताला भोक आहे" हे ठरलेलं वाक्य. रविवारी जेवायला थोरले दीर यायचे. त्यांचं टायरचं दुकान होतं, आणि घरात त्यांना सगळे दादा म्हणत. तेही ताट पुढे ओढत म्हणायचे, बायकांच्या हाती पैसा दिला की घर बसलंच म्हणून समजा. ताई वाढत राहायच्या.

मग त्यांच्या आईचं डोळ्यांचं जुनं दुखणं वाढलं. आई एकटी राहायची, एका खोलीत. आयुष्यभर शर्टांना काजं-बटणं करून तिनं लेकीला शिकवलेलं. डॉक्टर म्हणाले काचबिंदू बळावलाय, उजव्या डोळ्यातला दाब फार वाढलाय, आठवड्याच्या आत ऑपरेशन करा. चाळीस हजार लागणार होते. ताईंनी गुरुवारी नवऱ्याकडे मागितले. तो म्हणाला, खात्यात नाहीत. रविवारी दादांच्या पुढ्यात त्यांनी पुन्हा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला, महिन्याचं घर धड चालवता येत नाही आणि वर आता माहेरचा दवाखाना. दादा जेवतच होते. या वयात त्यांना काय सुईत दोरा ओवायचाय, एवढंच बोलले आणि आमटी मागितली.

ताईंनी कामावर उचल मागितली. अर्ज मीच पुढे पाठवला. मालक परगावी होते, मंजुरीला पाच आठवडे लागले. तोवर उजवा डोळा गेला. त्या पैशांत डावा वाचवला.

त्यानंतर महिन्याभरानं जेवणाच्या सुट्टीत ताई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही ते रकान्यांचं करता ना, ते मला शिकवा. ज्यात चूक लपत नाही ते."

मी त्यांना कोरी शीट उघडून दिली. तारीख, कशाला, कुणासाठी, किती, आणि खाली बेरीज. दोन दिवसांत त्यांना जमलं. माणसानुसार रंग कसा द्यायचा, तेही शिकल्या. घराचा खर्च पांढरा, नवऱ्याचा हिरवा, स्वतःचा पिवळा. मग एक दिवस त्या बँकेत गेल्या आणि स्वतःच्या सहीवर सहा वर्षांचं स्टेटमेंट घेऊन आल्या. असं मागता येतं हे इतकी वर्षं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. डबा दहा मिनिटांत संपवायचा आणि उरलेली पंचवीस मिनिटं एका बोटानं आकडे भरायचे. स्टेटमेंटमध्ये टायरच्या दुकानाचं नाव जिथे जिथे आलं, तिथे त्यांनी निळा रंग दिला. पहिल्या पानावर दोन निळ्या ओळी होत्या. चौथ्या पानापासून मला त्या मोजवेनात.

एका दुपारी बोट थांबलं. मी वळून बघितलं. शुक्रवारची तारीख, दुकानाचं नाव, चाळीस हजार. ताईंनी पर्समधून डॉक्टरांचा कागद काढला आणि तारीख ताडून पाहिली. पैसे मागितले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते दादांकडे गेले होते. त्यांनी ती ओळ निळी केली, फाइल सेव्ह केली, हात धुतले आणि जागेवर जाऊन बसल्या. त्या दिवशीची कवळी मात्र दातांच्या डॉक्टरांकडून परत आली, नीट मिटत नाही म्हणून.

मी म्हटलं, आज घरी जाऊन जाब विचारा. त्यांनी मान हलवली.

"आत्ता विचारलं तर भांडण होईल. भांडण दोन दिवसांत मिटतं. मला मिटवायचं नाहीये."

"मग काय करायचंय?"

"त्या दोघांना एकमेकांसमोर तोंड वर करता येऊ नये, एवढंच."

इतक्या थंडपणे बोलल्या की मीच खुर्ची मागे सरकवली.

चौदा महिने त्या घरात काही बोलल्या नाहीत. रविवारी दादांना आमटी वाढत राहिल्या आणि सोमवारी येऊन आठवड्याचा खर्च भरत राहिल्या. मध्येच एकदा त्यांनी जुन्या महिन्यांत पिवळ्या ओळी घातल्या. आईच्या डोळ्यांचे थेंब त्या भाजीच्या पैशांतून घ्यायच्या आणि घरी भाजी म्हणून सांगायच्या. चार वर्षांत ते नऊ हजार झाले होते. मी म्हटलं, हे कशाला लिहिता, कुणाला कळणारेय? तर म्हणाल्या, तेवढ्या एका गोष्टीवर ते बोट ठेवतील आणि बाकी सगळं खोटं पाडतील. राहू दे.

संधी दादांनीच आणून दिली. त्यांनी दुसऱ्या दुकानाचा सौदा ठरवला, बयाणा देऊन टाकला आणि कर्जाला तारण म्हणून भावाचं घर ठेवायचं ठरवलं. घर जोडनावावर, म्हणजे ताईंची सही हवी. शनिवारी दुपारी दोघं भाऊ कागद घेऊन बसले. ताईंनी आदल्या दिवशीच माझ्याकडून तेवीस पानं छापून बांधून घेतली होती. पुढचं सगळं मला सोमवारी त्यांच्याच तोंडून कळलं.

त्यांनी चहा दिला, समोर बसल्या आणि म्हणाल्या, सहीच्या आधी एवढं ऐका. मग निळ्या ओळी एकेक करून तारखेसकट वाचल्या. कुठे थांबल्या नाहीत, आवाज चढवला नाही. दादा हसून म्हणाले, घरातल्या घरात असा हिशेब कुणी ठेवतं का? ताई वाचत राहिल्या. नवरा उठायला लागला तेव्हा म्हणाल्या, बसा, तुमचं अजून यायचंय. भाजीतून मारलेले स्वतःचे नऊ हजारही वाचले. शेवटी ती शुक्रवारची ओळ वाचली आणि डॉक्टरांचा कागद शेजारी ठेवला.

दादा भावाकडे बघत म्हणाले, "हे त्या ऑपरेशनचे होते? तू मला सांगितलं नाहीस."

"तुला माहीत होतं. तू म्हणालास, म्हातारीचं थांबू शकतं, टायरचा व्यापारी थांबणार नाही," नवरा म्हणाला.

हे ताईंना माहीत नव्हतं. त्यांना जे ऐकायचं होतं त्यापेक्षा जास्तच मिळालं. दोघं एकमेकांवर ढकलत राहिले आणि ताई ऐकत राहिल्या. "इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं," असं त्यांनी मला सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं.

सही केली नाही. दादांचा सौदा मोडला, बयाणा बुडाला, आणि भावाभावांचं बोलणं बंद झालं. नवऱ्याला त्यांनी सरळ सांगितलं की यापुढे तुमचाही पगार माझ्या खात्यात, नाहीतर मी घरातला हिस्सा मोकळा करून आईकडे जाते. त्यानं महिनाभर आदळआपट केली, मग कबूल झाला. एक तारखेला ताईंनी त्याच्या हातावर बसभाडं आणि चहापुरते पैसे ठेवले. तो पूर्वी त्यांना द्यायचा तितकेच, एक रुपया कमी नाही की जास्त नाही.

आईला हे सांगितल्यावर ती खूश होईल असं त्यांना वाटलं होतं. आई शेंगा सोलत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझा डोळा चारचौघांत मांडलास तू. मला विचारलं तरी होतंस का?" पंधरा दिवस ती लेकीशी नीट बोलली नाही. ताईंना ते लागलं. पण केलं ते चुकलं असं त्या म्हणाल्या नाहीत, ना आईला, ना मला.

दोन वर्षांनी दादांनी चाळीस हजारांचं पाकीट पाठवलं. दुकानातल्या माणसाबरोबर, चिठ्ठीशिवाय. ताई ते तसंच आईकडे घेऊन गेल्या. आईनं विचारलं, "त्यांनी दिले, की तू घेतलेस?"

"घेतले."

"मग तुझेच आहेत," म्हणत आईनं पाकीट परत सरकवलं, आणि चहा टाकायला उठली. ताईंनी ते पैसे स्वतःच्या एकटीच्या नावावर ठेवले.

मी ती नोकरी सोडून आता बरीच वर्षं झाली. परवा बाजारात भेटल्या. केस पांढरे झालेत, नखांत प्लास्टर तसंच. मी शीटचं विचारलं. म्हणाल्या, चालू आहे. दर शनिवारी नवरा आठवड्याच्या पावत्या आणून टेबलावर ठेवतो आणि त्यांचं भरून होईपर्यंत शेजारी उभा राहतो. त्याला बसा म्हणायचं दोनदा मनात आलं होतं, म्हणाल्या.

"मग म्हणालात का?"

"अजून नाही," त्या म्हणाल्या, आणि वांगी निवडायला लागल्या.