‘लाईट गेली’ बटणाचे अप्पा

अप्पांची आणि माझी पहिली भेट नासलेल्या दुधाच्या वासात झाली. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये हे मला कळते. पण आडवळणाने लिहिलेले अप्पांना कधीच चालले नाही, म्हणून जे घडले तिथूनच सुरू करते.

श्री. शिवलिंगप्पा उंबरे हे आमच्या दूध संघाच्या संगणक विभागाचे प्रमुख. संघात त्यांना सगळेच अप्पा म्हणतात, अध्यक्षसाहेबही, आणि रागावलेले असले तरीही. मी ईट गावच्या दूध शीतकरण केंद्राची प्रमुख. त्या भेटीच्या आदल्या रात्रभर लाईट नव्हती, जनरेटरने मान टाकलेली, आणि टाकीतले सगळे दूध आम्ही नुकतेच ओतून दिले होते. मुख्य कार्यालयातून कुणीतरी चौकशीला येणार म्हणून मी उत्तरे तयार ठेवून बसले होते. अप्पा आले ते माझ्याकडे न येता थेट टाकी धुणाऱ्या भामाबाईंकडे गेले आणि त्यांना विचारले, “लाईट गेली की तुमी पयलं काय करता?”

“देवाचं नाव घेते,” भामाबाई म्हणाल्या, “मग मॅडमला हाक मारते.”

“मंग देव आन मॅडमच्या मधी एक बटण बसवू,” अप्पा म्हणाले आणि चहा मागितला.

मला ते बोलणे चेष्टेचे वाटले. आमचा जीव तर टांगणीला लागला होता. संचालक मंडळाने स्पष्ट सांगितले होते की आणखी एकदा दूध नासले तर ईटचे केंद्र बंद. आमच्याकडे दूध घालणाऱ्या बहुतेक बायाच. केंद्र बंद झाले असते तर दुसऱ्या गावापर्यंत रोज दोन वेळा कॅन कोण नेणार होते? ज्यांच्या दारात एक म्हैस, त्यांनी ती विकलीच असती.

दुखणे कुठे आहे ते अप्पांनी बरोबर हेरले होते. लाईट गेली की मी कार्यालयात फोन करायची. फोन घेणारे साहेबांना विचारायचे, साहेब बैठकीत असायचे, दूध हलवायला टँकर सोडायचा तर लेखी मंजुरी लागायची, आणि मंजुरी निघेपर्यंत चालक जेवायला गेलेला असायचा. चूक कुणा एकाची नव्हती. पण दूध काही कुणाच्या सहीसाठी थांबत नाही.

संघाची एक अंतर्गत साईट होती. तिच्यावर परिपत्रके, सत्काराचे फोटो आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा असत. अप्पा म्हणायचे, “आपली साईट म्हंजे भिंतीवरचं कॅलेंडर झालंय. बघायला बरं, कामाला न्हाय.” त्याच साईटवर त्यांनी बटणे बसवली. प्रत्येक केंद्राला एक टॅब मिळायचा होता, आणि पहिला ईटला आला. बटण एकदा दाबले की चालकाच्या मोबाईलवर निरोप, शेजारच्या केंद्राला टाकीत जागा ठेवण्याची सूचना, वायरमनला खबर, आणि मंजुरीचा कागद आपोआप तयार होऊन साहेबांच्या टेबलावर. टँकर आधी निघायचा, सही मागून व्हायची. मंडळात हा उलटा क्रम पटवून द्यायला अप्पांना किती चपला झिजवाव्या लागल्या ते मी पाहिले आहे.

बटणाच्या नावावरूनही वाद झाला. कार्यालयाने सुचवले, ‘विद्युत पुरवठा खंडित झाल्याची सूचना’. अप्पा म्हणाले, “अंधारात एवढं वाचायचं कुणी?” आणि त्यांनी लिहिले, ‘लाईट गेली’. त्याच्या शेजारी ‘टँकर आला न्हाय’, ‘मशीन बिघडलंय’. काम करणाऱ्याच्या तोंडात जो शब्द आहे तोच बटणावर, यावर ते कधीही तडजोड करीत नाहीत. अप्पा उमरग्याकडचे, घरात कन्नड. संगणक अडला की त्याला ते बैलासारखे “नडी, नडी”, म्हणजे चल, चल, म्हणत चुचकारतात. तो कन्नडमध्येच कसा चालतो, हे कोडे आमच्या कार्यालयाला अजून सुटलेले नाही.

आता ती खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा होते. आम्ही पाटावर फॅट मोजायचे मशीन, मापे, नटबोल्टचे पाने आणि नवा टॅब मांडला होता. पूजेला अध्यक्षसाहेब आले होते, अप्पाही होते. साहेबांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितले, “ताई, पुढच्या वर्षी पूजा इथं होईल असं वाटत न्हाय.” मी आरतीचे ताट उचलून पाटाकडे वळले.

आरती सुरू झाली आणि फाटकावर हॉर्न वाजला. बघतो तर संघाचा टँकर. पुढे झेंडूची माळ, आणि चालक नव्या कपड्यांत, हातात नारळ. साहेबांनी विचारले, “तुला कुणी बोलावलं?”

“लाईट गेली म्हणून निरोप आला की,” तो म्हणाला. “एक न्हाय, चार-दोनदा आला. पूजा अर्धी टाकून आलोय, नारळ बी फोडला न्हाय.”

सगळ्यांनी भामाबाईंकडे पाहिले. त्यांनी टॅबला हळद वाहिली होती, कुंकू वाहिले होते, आणि देवाच्या कपाळी लावतात तसे अगदी मधोमध, बटणावरच. “म्या कुठं दाबलं?” त्या घाबरून म्हणाल्या. “नुसतं बोट टेकवलं.”

साहेब संतापले. “अप्पा, हे असलं खेळणं आपल्याला न्हाय परवडायचं.”

अप्पांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. “साहेब, मागं खरंच लाईट गेली तवा टँकर दुसऱ्या दिवशी आला हुता. आज नुसतं कुंकू लागलं, तर आरती संपायच्या आत दारात हुबा हाय.”

मग साहेब हसले, चालकाच्या हातातला नारळ घेऊन त्यांनी स्वतः टँकरपुढे फोडला आणि म्हणाले, “चला, एवढा उन्हाळा बघू, मग केंद्राचं ठरवू.” त्यानंतर अप्पांनी भामाबाईंना एका शब्दाने दुखावले नाही. चूक माणसाची नसते, बटणाची असते, असे ते म्हणाले. आता ‘लाईट गेली’ दाबले की टॅब विचारतो, ‘खरंच गेली का?’ खाली दोन उत्तरे असतात. एक ‘गेली’, दुसरे ‘न्हाय, पूजा चाललीय’. ते दुसरे उत्तर आजही सगळ्या केंद्रांवर आहे, आणि ते काढायचे नाव कुणी काढत नाही.

उन्हाळ्यात वळवाचे वादळ आले. संध्याकाळचे संकलन नुकतेच झाले होते, टाकी काठोकाठ भरलेली. खांब आडवे झाले. दूध घालायला आलेल्या बाया ओसरीवरच थांबल्या होत्या, कुणी घरी जाईना. मी टॅब भामाबाईंकडे दिला. त्यांनी देवाचे नाव घेतले आणि बटण दाबले. पुढे मला एकही फोन करावा लागला नाही. टँकरचे दिवे चिखलातून येताना दिसले तेव्हा ओसरीवरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. सकाळी मुख्य डेअरीतून निरोप आला, दूध थंड, एक थेंब वाया नाही. त्या दिवशी मी केंद्रात सगळ्यांदेखत रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही. आम्ही जिंकलो होतो. ईटचे केंद्र राहिले. पुढे सोनारीपासून माकणीपर्यंत प्रत्येक केंद्रावर ते बटण गेले.

अप्पांच्या मायेची एकच आठवण सांगते. त्यांनी एक बटण ‘घरी अडचण हाय’ असे केले होते. ते दाबले की बदली माणूस येतो, कारण कुणी विचारत नाही. भामाबाईंची लेक माकणीला बाळंतपणात अडली, मीही नेमकी प्रशिक्षणाला गेले होते. त्यांनी बटण दाबले, पण त्या दिवशी बदलीला कुणीच मोकळे नव्हते. थोड्या वेळाने मोटारसायकलवरून अप्पा स्वतः उतरले, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि संध्याकाळपर्यंत दूध मापत बसले. फॅट कमी लागली म्हणून बायांनी त्यांच्याशी कडाकडा भांडूनही घेतले. भामाबाईंना नात झाली.

आता अप्पा साठीत पदार्पण करीत निवृत्त होऊन उमरग्याला परत जात आहेत. जाताना त्यांनी सगळे काम नव्या मंडळींना समजावून दिले, कारण आपल्यावाचून अडेल ते काम कच्चे, असे त्यांचे मत. एकच गोष्ट उरली होती. आजवर कुठलेही बटण दाबले की एक निरोप अप्पांच्या फोनवरही जायचा. तो बंद करा, असे त्यांनी सांगितले. भामाबाईंनी ऐकले नाही. “अप्पा, तुमाला कळल्याबिगर लाईट गेल्यासारखी वाटत न्हाय.” तो नंबर आम्ही काढलेला नाही, काढणारही नाही.

म्हणून आई तुळजाभवानीकडे आमचे मागणे एवढेच. अजून कितीतरी वर्षे ईटची लाईट गेली की उमरग्यात अप्पांचा फोन वाजत राहो, तो उचलायला त्यांचे हात असेच धडधाकट राहोत, आणि पलीकडून त्यांनी विचारावे, “दूध थंड हाय का?”

आम्ही इकडून सांगू, “व्हय अप्पा, थंड हाय.”