झालंमावशीचे राखाडी गुलाब

समजा, तुमच्या हातात कॅमेरा आहे आणि समोर टेबलावर एक गुलाब. बाटलीत ताठ उभा, नुकतंच पाणी शिंपडलेला. बटण दाबण्याआधी तुम्हाला एकच गोष्ट ठरवायची आहे. फोटो कॅमेऱ्यालाच तयार करू द्यायचा, की कॅमेऱ्याने जे जे पाहिलं ते सगळं बोचक्यात बांधून घरी न्यायचं आणि संगणकापुढे बसून आपण त्याचा फोटो घडवायचा? पहिल्या प्रकाराला जेपेग म्हणतात. त्यात उजेड, सावली, रंग सगळं कॅमेरा स्वतःच ठरवतो, नको ते टाकून देतो आणि इस्त्री केलेल्या शर्टासारखा फोटो हातात ठेवतो. दुसऱ्याला म्हणतात रॉ, म्हणजे कच्चा. त्याची फाईल जड आणि चेहरा मरगळलेला, पण त्यात काही टाकून दिलेलं नसतं. हवं तसं नंतर करा.

ठरवलंत? मग उत्तर मनातच ठेवा. ते ‘रॉ’ असेल तर झालंमावशी तुम्हाला स्टुलावर बसवून दोन गोष्टी सुनावेल, आणि ‘जेपेग’ असेल तर तिची भाची सुनावेल. दोघींचा स्टुडिओ एकच आहे आणि त्यात स्टूलही एकच.

चावीवाला आणि शिंपी यांच्यामधल्या चिंचोळ्या गाळ्यात हा स्टुडिओ आहे. पुढे काउंटर, मागे निळ्या पडद्याची गुंडाळी, आणि गोल फिरवलं की किंचाळत वर जाणारं ते स्टूल. मावशी बुटकी, चपळ, साठीला टेकलेली. तिचं नाव सगळ्या गल्लीत झालंमावशी पडलं, कारण गिऱ्हाईक अजून केस सारखे करत असतं आणि ही म्हणते, “झालं.” लोक चक्रावतात, पण फोटो बघून खूश होऊन जातात. फोटोसाठी लावायचा तो मुखवटा लावायला तिने त्यांना सवडच दिलेली नसते. तिचं म्हणणं साधं होतं. फोटो काढायच्या वेळीच काढायचा असतो. न्हाऊमाखू घालून पावडर लावलेल्या पोराला पुन्हा कुणी मोरीत नेत नाही.

भाची म्हणजे तिच्या सख्ख्या बहिणीची लेक. प्रकाश आणि भिंगांचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली. तिच्या तोंडी कायम “थांब जरा.” पासपोर्टच्या फोटोतल्या एका कानाची सावली उजळायला ती इतका वेळ घ्यायची, की चावीवाला येऊन विचारायचा, कानाची पण चावी हरवलीय का? मावशी म्हणायची, हिचा फोटो होईपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्याच वयाचं होतं. भाची म्हणायची, तुझ्या फोटोत पांढरा शर्ट घालून बसलं की बाह्या गायब होतात, माणूस आहे की ढग तेच कळत नाही. हे रोजचं होतं. एखाद्या दिवशी भांडण झालं नाही, तर शिंपी डोकावून प्रकृतीची चौकशी करून जायचा.

मग भाचीला दुसऱ्या शहरातून बोलावणं आलं. मोठ्या कंपनीचा मोठा स्टुडिओ, तीन तीन पडदे, काम सगळं रॉमध्ये आणि “लवकर आटप” म्हणणारं कुणी नाही. उत्तर द्यायला दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारपर्यंत मुदत. भाचीने चहा पिता पिता हे सांगितलं आणि मावशीकडे बघत राहिली.

“जा की,” मावशी म्हणाली. “मी काय पाय धरून ठेवलेत?”

आणि तिने एक भिंग पुसायला घेतलं. ते स्वच्छच होतं. भाचीने जाऊ नये असं तिला इतकं वाटत होतं, की पुसता पुसता तिने भिंगाचं झाकणसुद्धा पुसलं, काउंटर पुसला आणि शेवटी शिंप्याची काच पुसायला निघाली. पण “राहा” हा शब्द काही तिच्या जिभेवर येईना.

अशात शनिवारी गुलाबप्रेमी मंडळाचं प्रदर्शन होतं. दरवर्षीप्रमाणे बक्षीस मिळालेल्या गुलाबांचे फोटो काढायचे आणि पुढच्या रविवारच्या समारंभात ते फ्रेम करून मालकांना द्यायचे, हे काम मावशीचं. भाची त्या दिवशी एका शाळेत वर्गांच्या फोटोंसाठी मुलांच्या रांगा लावायला गेलेली. नेमका सकाळीच मावशीच्या कॅमेऱ्याने प्राण सोडला. बटण दाबलं की नुसता खोकल्यासारखा आवाज यायचा. मग तिने भाचीचा दुसरा कॅमेरा उचलला. सभागृहात पोचल्यावर पहिली गोष्ट काय केली असेल, तर रॉ बंद करून जेपेग लावलं. हे करताना तिला इतकं बरं वाटलं, की तिने ते एकदा उलटं करून पुन्हा सुलटं केलं.

मग सुटलीच. गुलाब, झालं. गुलाब, झालं. मंडळाचे सचिव हातात बक्षिसांच्या चिठ्ठ्या घेऊन तिच्यामागे धावत होते. काढलेला फोटो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर लगेच बघायचा, हा प्रकार मावशीला मुळीच पसंत नव्हता. दार लावल्यावर पुन्हा पुन्हा कडी ओढून बघणाऱ्यांतली ती नाही.

रविवारी सकाळी तिने फोटो संगणकावर उघडले. सगळे गुलाब राखाडी.

तिने आधी संगणकाला चापट मारली. मग चष्मा पुसला. मग खिडकीतून चावीवाल्याच्या लाल पाटीकडे बघितलं. पाटी लालच होती. तेवढ्यात भाची आली, खांद्यावरून डोकावली आणि तिचा चेहराही गुलाबांसारखाच झाला.

घडलं होतं ते असं. भाचीला काढलेला फोटो तपासताना फक्त उजेड आणि सावली बघायची सवय, म्हणून तिने कॅमेरा कृष्णधवल करून ठेवलेला. रॉमध्ये त्याने काहीच बिघडत नाही, रंग आत शाबूत असतात, पाहिजे तेव्हा बाहेर काढता येतात. शिवाय फोटो काढल्यावर तो मागच्या पडद्यावर आपोआप उमटतो, तेही तिने बंद केलेलं. फोटो सारखा डोळ्यांपुढे आला की तिचं लक्ष उडतं, हवा तेव्हा ती बटण दाबून बघते. मावशीला झरोक्यातून गुलाब रंगीतच दिसत होते; तिने रॉ बंद केलं, कृष्णधवल मात्र तसंच राहिलं. जेपेग आपल्या धर्माला जागलं आणि नको असलेले सगळे रंग त्याने जागच्या जागी फेकून दिले.

“आता परत नाही येणार?” मावशीने विचारलं.

“नाही.”

“एकसुद्धा?”

“मावशी, तू कॅमेऱ्याला सांगितलंस झालं. तो म्हणाला बरं.”

मावशीला वाटलं, संपलं. आता ही सोमवारची वाटसुद्धा बघणार नाही, आजच निघेल. तिने चोरून भाचीकडे पाहिलं, तर भाची तोंडावर हात दाबून थरथरत होती. रडतेय म्हणावं, तर हाताआडून फुर्रकन आवाज आला. मग दोघी इतक्या हसल्या, की स्टूल कलंडलं आणि शिंपी कात्री हातात घेऊनच धावत आला.

हसून झाल्यावर मात्र दोघी पुन्हा संगणकापुढे बसल्या. गुलाब परत मिळणार नव्हते. प्रदर्शन संपताच फुलं वाटून टाकलेली. आणि या मंडळात रंग म्हणजे गंमत नव्हती. कुणाचा गुलाब जास्त पिवळा, यावरून दोन सख्ख्या भावांची बोलणी बंद होती, तेव्हा मालकांना रंग विचारणं म्हणजे आपण फोटो बिघडवल्याची दवंडी पिटणं. भाची म्हणाली, मी संगणकावर रंग भरते, पण कुठला गुलाब कुठल्या रंगाचा ते सांग, मी काही तिथे नव्हते. मावशीने पडद्याकडे पाहिलं, नाक खाजवलं आणि म्हणाली, असं सांगता येणार नाही, हाताला आठवेल. मग तिने कपाटावरून एक गंजकट डबा ओढून काढला. आत रंगांच्या आखडलेल्या नळ्या, काड्या आणि कापूस.

भाचीला हे ठाऊकच नव्हतं. कॅमेरा हातात यायच्या कितीतरी आधी, वेणीला रिबीन बांधायच्या वयापासून, मावशी एका जुन्या स्टुडिओत कृष्णधवल फोटो हाताने रंगवायच्या कामावर होती. अनोळखी बाळांचे गाल, अनोळखी बायकांचे ओठ, कधी न पाहिलेल्या बागांची हिरवळ. मालक मागे उभा राहून म्हणायचा, अजून थोडं. गिऱ्हाईक म्हणायचं, अजून थोडं गोरं. फोटो कधी पुरा व्हायचाच नाही. तेव्हाच तिने मनाशी ठरवलं होतं, स्वतःचा कॅमेरा आला की बटण दाबेन आणि उठेन.

भाची आ वासून ऐकत होती.

“म्हणजे तू तेव्हा रॉच करत होतीस.”

“तोंड सांभाळ,” मावशी म्हणाली.

तो आठवडा दोघींनी मागच्या खोलीतल्या एकाच टेबलावर काढला. भाचीने रंग धरेल असा खरखरीत कागद शोधला आणि त्यावर गुलाब छापून दिले. दोनदा कागदाने रंग पिऊन टाकला, तेव्हा तिने छपाईच फिकट करून बघितली आणि जमलं. मावशी काडीला कापूस गुंडाळून, जीभ ओठांबाहेर काढून पाकळ्या रंगवत होती. हात बसायला वेळ लागला, पण बसल्यावर थांबेना. तिसऱ्या गुलाबाच्या देठाजवळची एक पाकळी तिने पुसून पुन्हा रंगवली, पुन्हा पुसली. भाची जवळच होती, तिने शहाणपणाने नवा कापूस पुढे केला.

अडचण वेगळीच निघाली. मावशीला गुलाब आठवत नव्हते, गुलाबांचे मालक आठवत होते. हा त्या भांडकुदळ बाईंचा ना, मग केशरीच असणार. हा त्या सारख्या घसा खाकरणाऱ्या गृहस्थांचा, त्याला फिकट गुलाबी पुरे. दोघा भावांचे दोन गुलाब आले तेव्हा ती बराच वेळ बसली आणि दोघांना एकाच नळीतला पिवळा दिला, थेंबभर इकडे नाही की तिकडे नाही.

समारंभाच्या दिवशी मावशी फ्रेमा देऊन दाराजवळच उभी राहिली. सचिवांनी पहिली फ्रेम हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला आणि फ्रेम पुढे दिली. मग त्या भांडकुदळ बाई पुढे आल्या. त्यांचा गुलाब खरं तर दुधी होता. त्यांनी फ्रेमकडे एकटक पाहिलं आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मी केव्हापासून सांगतेय, यात केशरी झाक आहे. तुम्हाला कुणाला दिसली? नाही. हिला दिसली.” घसा खाकरणाऱ्या गृहस्थांना आपला गुलाब इतका हळवा असेल याची कल्पनाच नव्हती, ते फ्रेम घेऊन कोपऱ्यात जाऊन बसले. तिसऱ्या क्रमांकाच्या मालकाने फोटो उंच धरून पहिला क्रमांक मागितला. आणि दोघे भाऊ, दोन्ही गुलाब एकसारखे पिवळे बघून, कित्येक वर्षांनी एकमेकांशी बोलले. बोलले ते एवढंच, की फोटोवालीला काही कळत नाही. पण यावर त्यांचं एकमत होतं, आणि ते घरी एकाच गाडीने गेले.

सोमवारी भाची काउंटरपाशी बसून हातातला फोन उलटा-सुलटा करत होती. मावशीने पुसायला फडकं घेतलं, ठेवून दिलं.

“तू गेलीस तर मी भांडू कुणाशी?” ती म्हणाली. “शिंपी तर लगेच हो म्हणतो.”

भाची म्हणाली, राहीन, पण एक अट आहे. यापुढे प्रत्येक फोटो दोन्ही प्रकारांत निघाला पाहिजे, रॉ आणि जेपेग एकदमच.

“एका म्यानात दोन तलवारी?”

भाचीने कॅमेऱ्याचं दार उघडून दाखवलं. आत फोटो साठवणारी कार्डं घालायच्या फटी दोन होत्या. मावशीने वाकून पाहिलं आणि विचारलं, हे आधी का नाही बोललीस? भाची म्हणाली, सांगायला तोंड उघडलं की तुझं झालेलं असायचं. मग तिने बाहेर जाऊन फोन केला आणि नम्रपणे नाही म्हणून आत आली.

त्याच दुपारी एक परिचारिका आपली राहिलेली फ्रेम न्यायला आली. कामावर असल्यामुळे तिचा समारंभ चुकला होता. मावशीने तिचा गुलाब गडद लाल रंगवला होता. का, ते आता तिलाही सांगता आलं नसतं. परिचारिकेने फ्रेम हातात धरून मान तिरकी केली. फोटो सुंदर आहे, पण हा रंग माझ्या गुलाबाचा नाही, म्हणाली.

“मग कुठला होता?” मावशीने विचारलं. आजवर गिऱ्हाईकाला असं काही तिने विचारलं नव्हतं.

परिचारिका विचारात पडली. पहाटे झाडावरून काढला तेव्हा पिवळसर वाटला होता. सभागृहातल्या दिव्यांखाली पांढरा. फुलं वाटून टाकायच्या आधी तिने तो मागून घरी नेला, संध्याकाळी खिडकीत ठेवला, तर लाजल्यासारखा झाला. “तुम्ही कधीचा विचारताय?”

“मी बटण दाबलं तेव्हाचा.”

तेव्हा मी दारात पाणी पीत होते, परिचारिका म्हणाली. फ्रेम छातीशी धरून ती निघून गेली, तक्रार तिची काही नव्हती. मावशी मात्र दाराकडे बघत राहिली. मग तिने भाचीला विचारलं, मी रॉ ठेवलं असतं तर कळलं असतं? भाचीने सवयीने हो म्हणायला तोंड उघडलं आणि अर्ध्यावर मिटलं. कळलं असतं ते इतकंच, ती सावकाश म्हणाली, की त्या क्षणी किती उजेड आत आला. त्यातलं पांढरं कशाला म्हणायचं, ते नंतर मीच बसून ठरवलं असतं.

“म्हणजे तूही रंगवलाच असतास.”

“थोडंफार.”

मावशीने स्टूल ओढलं. ते किंचाळलं. ती त्यावर बसली, भाचीला समोर काउंटरला टेकायची खूण केली आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक येऊन खोळंबलेलं असतानाही तिने विचारलं, “मग मला सांग, तू नव्हतीस, ती पाणी पीत होती, कॅमेऱ्याने टाकून दिलं आणि मी पुढच्या गुलाबाकडे गेले होते. तर त्या क्षणी तो होता कुठल्या रंगाचा?”