बारा चॅनेल आणि एक हॅण्डबिल

आमच्या डिचोलीच्या शेडमध्ये वर्षाला जेवढे डिमर बनतात, त्याच्या दुप्पट किस्से बनतात. डिमर गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्से मात्र तिथंच सोल्डरच्या वासात पडून राहतात. मी तिथं ड्रॉइंग काढते आणि इंग्रजी पत्रं लिहिते. म्हणजे इंग्रजीत भांडायचं असलं की मला हाक मारतात. गेली चार वर्षं आम्ही एकाच गोष्टीसाठी भांडत होतो, ती म्हणजे पेटंट. "एवढ्याशा शेडला पेटंट कशाला हवं?" म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांना चहा पाजला आणि पुढच्या पत्राला लागलो.

आधी वस्तू काय ती सांगते. नाटकाच्या स्टेजवर बारा लाईट असले तर बारा चॅनेल लागतात, प्रत्येकाचा उजेड वेगळा कमीजास्त करायला. असे डिमर बाजारात ढिगानं आहेत. पण आमच्या गावांत भर प्रवेशात व्होल्टेज पडतं, सगळंच मंद होतं आणि नटाचं तोंड काळोखात जातं. आमच्या मशीनला आधीच सांगून ठेवायचं, कुठला लाईट महत्त्वाचा. व्होल्टेज पडलं की ते बाकीच्यांचं काढून घेतं आणि चेहऱ्यावरचा उजेड हलू देत नाही.

हे मशीन दामूदादाचं. शेडही त्याचीच. पण त्याला ते सुचलं इब्रामपूरच्या पुंडलिकमामांना बघून. मामांनी चाळीस वर्षं गावोगावच्या नाटकांना लाईट दिला. व्होल्टेज पडलं की हातानं पाठचे लाईट खाली ओढायचे आणि तोंडावरचा सांभाळायचे. म्हणून अर्जात दादानं संशोधक म्हणून दोन नावं घातली, स्वतःचं आणि मामांचं.

आमच्या पेटंट एजंट मॅडम मुंबईच्या, हुशार बाई. त्यांनी फोनवर विचारलं, "पुंडलिकरावांचं शिक्षण?"

मामा बाजूलाच बसले होते. म्हणाले, "चवथी नापास. फॉर्मात ता लिवची जागा असा काय?"

"नाही, तशी जागा नाही."

"मगे विचारतंस कित्याक, बाय?"

त्यानंतर चार वर्षांत त्यांनी मामांना एकही फालतू प्रश्न विचारला नाही.

*

अर्जाबरोबर आकृत्या लागतात आणि आकृतीतल्या प्रत्येक भागाला नंबर द्यावा लागतो. मी रीतीप्रमाणे शंभरच्या पुढून सुरुवात केली. पूर्ण पेटी १०२, व्होल्टेज मोजणारा भाग १०४, असं.

आमचा फिटर संभाजी गडहिंग्लजचा, कामाला वाघ. त्यानं आकृती बघितली आणि रंगाची डबी घेऊन मशीनवर तेच नंबर मोठ्या अक्षरांत रंगवून टाकले. का, तर "तपासणीचा साहेब आला तर त्याला सापडाय नको व्हय, ताई?" साहेब येत नसतो, तो कागद बघतो, हे त्याला सांगेपर्यंत रंग सुकला होता.

पेटंटचा अर्ज गेल्यावर तेच मशीन मोरजीला एका नाटकाला नेलं. दुसऱ्या कंपनीचा लाईटवाला आला, पेटीभोवती फिरला आणि म्हणाला, "एकशे दोन नंबर? आदली एकशे एक खंय असत?"

संभाजीनं डोळ्याची पापणी हलवली नाही. "विकली की."

*

मग आला परीक्षकाचा पहिला रिपोर्ट. अकरा आक्षेप. दोन अमेरिकन पेटंटं आणि एक जर्मन पुढे ठेवून साहेबांनी लिहिलं होतं की हे सगळं त्यात आहे, आणि जे नाही ते 'त्या विषयातल्या जाणकार माणसाला' सहज सुचण्यासारखं आहे. मला तर संताप आला. सहज सुचण्यासारखं होतं, तर जर्मनांना का नाही सुचलं?

मामांचा प्रश्न वेगळाच. "हो जाणकार माणूस कोण? खंयचो?"

मॅडमनी फोनवर समजावलं. तो खरा माणूस नसतो, कायद्यानं धरून चाललेला असतो. त्यानं जगातली सगळी पुस्तकं वाचलेली असतात, पण त्याच्या स्वतःच्या डोक्यात नवीन काही येत नाही.

मामा म्हणाले, "खरो नाय कसो? आमच्या वाड्यार असले तीन असत."

*

उत्तरात आकडे द्यायचे होते. व्होल्टेज एवढं पडलं असता चेहऱ्यावरचा उजेड एवढा राहिला, असे. आणि नेमकं आमच्या शेडमध्ये व्होल्टेज पडेना. एरवी दिवसातून चारदा पडायचं, पण मीटर लावून बसलो तर दोनशे तीसवर खिळा ठोकल्यासारखं उभं.

दादा म्हणाला, "हरमलला जाऊया. सीझन आहे, संध्याकाळी सगळ्या रूमांतले गिझर एकदम चालू होतात, मग बघा." मशीन टेम्पोत घालून हरमलला गेलो, एकाची रूम घेतली. तीन संध्याकाळी मीटरकडे टक लावून बसलो. काटा ढिम्म. रूमवाल्याला विचारलं, "तुमच्याकडे व्होल्टेज पडत नाही का हो?" त्याला वाटलं आम्ही पैसे कमी करायला बघतोय. म्हणाला, "आमच्याकडे असली तक्रार नाय. गिऱ्हाइकांक विचारा." एक पाहुणीण दोन संध्याकाळी बाल्कनीत येऊन आमचे बारा दिवे बघत बसली आणि जाताना टाळ्या वाजवून गेली.

शेवटी मामा वैतागले. "माझ्या गावाक चला. इब्रामपूर कोणाक फसवणा नाय."

गेलो. संध्याकाळी सातला पंप, मिक्सर, टीव्ही सगळं सुरू झालं आणि व्होल्टेज पायरी पायरीनं खाली आलं. संभाजी मोठ्यानं आकडे सांगत होता, मी लिहीत होते, दादा नाचायचाच बाकी होता. शेजारची काकी हातात फणी घेऊन दारात आली. तिचा पंखा फिरेनासा झालेला आणि आम्ही हसतोय. पुढचा अर्धा तास ती आम्हाला जे बोलली, ते मात्र मी लिहून घेतलं नाही.

*

आकड्यांनी काम केलं. अकरांतले दहा आक्षेप गेले. 'सहज सुचण्यासारखं' हा एक तेवढा चिकटून राहिला. आणि तेवढ्यात बाहेरगावच्या एका मोठ्या कंपनीनं आमच्या अर्जाला विरोध दाखल केला. पुरावा काय, तर एक हॅण्डबिल.

आमच्याकडे नाटकाच्या हॅण्डबिलावर सगळ्यांची नावं छापतात. पडदा ओढणारा, चहा देणारा, खुर्च्या मांडणारा, कुणी राहता कामा नये, नाहीतर पुढच्या वर्षी तो येत नाही. या हॅण्डबिलावर छापलं होतं, 'प्रकाशयोजना: पुंडलिकमामा, दामूदादांच्या स्वनिर्मित बारा चॅनेल यंत्राद्वारे'. नाटक इब्रामपूरचं, आणि अर्जाच्या आठ महिने आधीचं. मजकूर कुणी दिला? खुद्द दादानं. हौसेनं.

मॅडम फोनवर म्हणाल्या, "अर्जाच्या आधी लोकांसमोर चालवलं असेल, तर ते नवीन राहत नाही. पेटंट गेलं समजा. मग ती कंपनी तुमचंच मशीन बनवून तुमच्याच गावात विकेल, आणि तुम्हाला काही करता येणार नाही."

दुसऱ्याच दिवशी कंपनीचा फोन. अर्ज मागे घ्या, आम्ही तुम्हाला गोव्याचे डीलर करतो. फोन स्पीकरवर होता.

दादा म्हणाला, "माझ्याच मशीनचा मी डीलर?"

पाठून मामा ओरडले, "दामू, आमका वॉचमन होयो असा. तेंका होई तर येवंक सांग."

*

सुनावणी व्हिडिओवर झाली. शेडमधल्या मेजावर लॅपटॉप, दादानं लग्नातला कोट घातलेला, त्याच्या बाजूला मामा, पाठी मी आणि संभाजी. स्क्रीनवर अधिकारी साहेब, आमच्या मॅडम आणि कंपनीचे वकील. मराठीत बोलायला साहेबांनी परवानगी दिली होती.

वकिलांनी दोन मुद्दे मांडले. पहिला, यात नवीन बुद्धी काही नाही, गावातला कुठलाही लाईटवाला हेच हातानं करतो, कुणालाही जमतं. दुसरा, हे हॅण्डबिल.

साहेबांनी दादाला विचारलं, "त्या नाटकात मशीन चाललं होतं का?"

मी डोळे मिटले. दादा खोटं बोलणार नाही, हे मला माहीत होतं. त्या नाटकाला तो पहिल्या रांगेत बसला होता, आणि तिसऱ्या अंकानंतर मामांना मिठी मारून रडला होता.

दादा म्हणाला, "साहेब, खरं सांगायचं तर..."

"तेका काय ठावक?" मामा मध्येच बोलले. "तो पुढे बसलेलो. पाठी मी होतंय. तिसऱ्या घंटेक मशीनातसून धूर इलो. मी वायर काढलंय आणि माझो जुनो डिमर लायलंय. तीनय अंक हातान केलंय."

दादा त्यांच्याकडे बघतच राहिला. संभाजीनं मान खाली घातली. "व्हय साहेब. जळका बोर्ड म्याच बदलला दुसऱ्या दिवशी. कुणाला बोलायचं नाय म्हणून मामांनी शप्पथ घातल्याली."

वकील हसले. "साहेब, आमच्याकडे प्रेक्षकांची लेखी निवेदनं आहेत. तीनदा व्होल्टेज पडलं, पण नटाच्या चेहऱ्यावरचा उजेड जरासुद्धा हलला नाही. बारा चॅनेल, एक माणूस, हातानं? शक्य नाही. हे कुणालाच जमणार नाही."

मामांनी खुर्ची पुढे ओढली. "वकीलसायबानु, मगाशी तुमी म्हणालास कोणाकय जमता. आता म्हणतास कोणाकच जमणा नाय. दोनांतला खंयचा खरा, ता तुमीच ठरवा. माका दोनय चलतत."

साहेब चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. मॅडमनी तोंडावर फाईल धरली.

मामा आणि संभाजी, दोघा साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं गेली, शेडच्या वहीतली बदललेल्या बोर्डाची नोंद गेली, वकिलांचं 'कुणालाच जमणार नाही' हेही मॅडमनी लेखी उत्तरात घातलं, आणि तीन महिन्यांनी पेटंट मिळालं. दोन्ही नावांवर. पण ते नंतर. त्या दिवशी सुनावणी संपली असं समजून दादानं कोट काढला, आणि माईक बंद करायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. वकील, मॅडम, साहेब, सगळे अजून स्क्रीनवर होते.

दादाचा आवाज एवढासा झाला होता. "मामा, चार वर्सां? माका एकदाय सांगूक नाय?"

"कसा सांगतलंय? तू रडत होतंस, खुशीन," मामा म्हणाले. "आता रडू नको. सायब बघता."