थांबासाहेबांची केबल

कोणी प्लगला हात लावला की आमच्या मशीनरूममधून एकच शब्द ऐकू यायचा, "थांबा!" गिरणीतल्या लोकांनी आमच्या साहेबांचं नावच थांबासाहेब पाडलं होतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सोलापुरातल्या आमच्या गिरणीत कॉम्प्युटर आला, तेव्हा ते त्या खात्याचे प्रमुख होते आणि मी कार्डांवर भोकं पाडून माहिती भरणारी पंच ऑपरेटर.

त्यांची काळजी कधी संपायची नाही. डबा उघडायचे, भाकरीचा तुकडा मोडायचे आणि तसेच उठून मशीनमागे जायचे, प्लगचे स्क्रू ढिले झाले नाहीत ना ते बघायला. शेजारच्या शेडमधल्या मागांनी आमची टेबलंसुद्धा हादरायची, त्यामुळे त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही.

मला म्हणायचे, "बाई, प्लग बसला म्हणजे केबल बरोबर, असं नसतं. याची बोलायची तार त्याच्या ऐकायच्या तारेला मिळाली पाहिजे. दोघंही बोलत सुटले तर ऐकणार कोण?"

एका उन्हाळ्यात नवा प्रिंटर आला. खोक्यात केबलच नव्हती, आणि मुंबईहून मालक त्याच सकाळी तो बघायला येणार होते. कॉम्प्युटरमधून कोपऱ्यातल्या जुन्या टेलिप्रिंटरला गेलेली केबल मॅनेजरांनी तिकडच्या टोकाला उपसून ओढून आणली. प्लग हुबेहूब तसाच.

"हे काय, बसतंय की! लावा."

"थांबा, साहेब. हिच्यातून टेलिप्रिंटरचा करंट येतो. नव्या मशीनला तो झेपायचा नाही. आतलं कार्ड जळेल."

"कशावरून जळेल? अहो, मालक फाटकात आलेत!"

थांबासाहेबांचा सदरा घामानं भिजला होता. पण प्रिंटरच्या सॉकेटवर ठेवलेला पंजा त्यांनी उचलला नाही. मला म्हणाले, "बाई, त्या केबलला मीटर लावा." मी टोकं टेकवली मात्र, काटा थेट शेवटाला जाऊन आपटला. मॅनेजरांनी तो पाहिला आणि ते मालकांना घ्यायला बाहेर गेले.

मालक आले, मुक्या प्रिंटरकडे बघून निघून गेले. थांबासाहेब टेबलाशी वाकून नवी केबल सोल्डर करत होते. संध्याकाळच्या भोंग्याच्या सुमारास ती जोडली आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. "तुम्हीच चालू करा." प्रिंटर खडखडला. कागदावर चादरींच्या नमुन्यांची नावं स्वच्छ उमटत गेली.

पुढच्याच आठवड्यात त्यांची बदली सूतगोदामात झाली. मी चिडून मॅनेजरांकडे गेले. "साहेब, काटा तुम्ही पाहिलात ना?"

"मी पाहिला," ते खाली बघत म्हणाले. "मालकांनी कुठं पाहिला?"

काही महिन्यांनी थांबासाहेबांना हुबळीला नोकरी लागली. निरोप घ्यायला मी गोदामात गेले. म्हटलं, "तुम्हाला एवढी खात्री होती, ती खरीही ठरली, तरी बदली तुमचीच झाली."

"खात्री कसली, बाई? नुसता संशय होता. काटा आपटला तेव्हा मलाच हायसं वाटलं."

"मग हात का नाही काढलात?"

"भीती वाटत होती ना," ते म्हणाले. "मॅनेजरांची वाटत होतीच. पण मशीन जळायची जास्त वाटत होती."

दुसऱ्या दिवशी ते हुबळीला गेले. पुन्हा आमची भेट झाली नाही.