पालथी फिल्म

दौंडात स्टेशनमागच्या स्टुडिओवाल्याकडे मी नेहमी जायचो, पण कामात असताना तो कधी हसलेला मला आठवत नाही. कॉम्प्युटरवर तो फोटोतल्या काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं करायचा, प्रिंटरवर पारदर्शक फिल्मवर त्याची निगेटिव्ह काढायचा आणि ती रसायन लावलेल्या कागदावर ठेवून गच्चीत उन्हावर निळा फोटो छापायचा. मध्ये कुणी बोललं की म्हणायचा, "गप ऱ्हावा, ऊन मोजतोय."

वडिलांच्या, आबांच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी त्यांचा एकुलता एक फोटो घेऊन गेलो. ऊन उतरत आलं होतं आणि तयार कागद दोनच उरले होते. पहिला कागद त्याने पाण्यात धुतला, तसे निळ्यातून आबा वर आले. मी हात जोडले. त्याने एकदा मूळ फोटोकडे पाहिलं आणि तो ओला कागद सरळ फाडून टाकला.

"अहो, काय करताय?" मी ओरडलोच.

"फिल्म पालथी पडली. त्यांची चामखीळ डाव्या गालावर हाय, हितं उजवीकडं आली."

फिल्म उलटून त्याने शेवटचा कागद उन्हात ठेवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुम्ही मुलगाच ना त्यांचे?"

त्या दिवशी मला 'गप ऱ्हावा' म्हणायची वेळ त्याच्यावर आली नाही.